मिलिटरीत कंप्युटर, सिम्युलेटरवर दिलेलं ट्रेनिंग खरंच कामाला आलं का, हे मोजतात कसं?

मी १७ वर्षं रणगाड्यावर ड्रायव्हर होतो, आता परभणीकडं गावी शेती करायलोय, म्हणून राहवलं नाही. पुस्तकी उत्तर पाहिजे तर कर्कपॅट्रिक नावाच्या माणसाच्या १९५९ पासूनच्या चार पायऱ्या आहेत, कोर्स आवडला का, शिकला का, कामात वापरतो का आणि शेवटी युनिटला फायदा काय झाला. पण गाडी पहिल्या दोनवरच अडकती बघा. शेवटच्या दिवशी फॉर्म वाटायचे, उस्ताद समोर उभा, आता कोण लिहिणार मला समजलं नाही म्हणून? सगळ्यांचं व्हेरी गुड.

आमच्यात एक पोरगा सिम्युलेटरवर, म्हणजे कंप्युटरच्या नकली गाडीवर, कायम एक नंबर. खऱ्या टी-७२ रणगाड्यावर बसवला, ४० टनाच्या वरचं धूड, हॅच बंद, पेरिस्कोपातून दिसणार फटीएवढं, आणि गड्यानं पहिल्याच खड्ड्यात तशीच घातली, वर गनरचं डोकं आपटलं. नंतर कळलं की त्याला चालवणं नाही, सिम्युलेटरच्या रस्त्यात तिसऱ्या वळणानंतर खड्डा येतो हे पाठ झालं होतं! रस्ता तोच ठेवून परीक्षा घेतली की पाठांतर मोजलं जातं, दुसरं काही नाही.

त्यापेक्षा साधा हिशोब करा. नुसत्या गाडीवर शिकायला १० तास लागतात, आणि ५ तास सिम्युलेटर करून आलेल्याला ७ च लागले, तर ५ खर्चून ३ वाचले, म्हणजे सिम्युलेटरच्या एका तासामागं गाडीचा ०.६ तास वाचला. आकडा एकच्या खाली आहे म्हणून नाक मुरडू नका, रणगाड्याचं डिझेल आणि ट्रॅकची झीज बघितली तर तरी परवडतं.

अजून एक, परीक्षा कोर्स संपल्यावर लगेच नका घेऊ, जवान दोन महिन्यांची सुट्टी काढून आला की न सांगता घ्या. उगवण चांगली झाली म्हणून कापूस घरात आला असं थोडंच असतंय.

आणि ट्रेनिंग आयुष्यभर कामाला आलं का बघायचं तर रिटायर झाल्यावरबी विचारा की. आता अग्निवीरांना इग्नूच्या डिग्रीचे ५० टक्के क्रेडिट ट्रेनिंगमधून धरतात, चांगलंच आहे, पण पाच वर्षांनी तो पोरगा काय करायलाय हे कोणीतरी बघायला पाहिजे. मी निघताना कंप्युटरचा कोर्स केलता. गावात ट्रॅक्टर बंद पडला की मलाच बोलावतात, ते इंजिनचं शिकलेलं कामाला येतंय, कंप्युटरचं सर्टिफिकेट मात्र ट्रंकेत आहे आणि त्याचं काय झालं म्हणून आजपर्यंत एक फोन आला नाही.