वाचकांचे प्रश्न : गाडीचं ‘पासिंग’, ब्रासचा हिशेब आणि गल्लीतले डंपर

प्रश्न : वाघोलीच्या क्रशरवरून दहा चाकी हायवातून (डंपरमधून) क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) मागवतो. पुरवठादार ‘पाच ब्रास’ भरून पाठवतो. वाटेत आरटीओच्या वायुवेग पथकाने गाडी धरली तर दंड कुणाला? आणि गाडीत नेमके किती ब्रास भरावेत?
– बांधकाम ठेकेदार, खराडी

उत्तर : हिशेब ब्रासमध्ये करू नका, टनात करा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. आरटीओला घनफळाशी देणंघेणं नाही, तिथे वजन बघतात. कोरडी क्रश सँड घनमीटरला साधारण १.५ ते १.६ टन भरते, म्हणजे ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन.

दहा चाकी गाडीला मालासकट २५ टनांची मर्यादा होती, ती केंद्राने जुलै २०१८ मध्ये २८.५ टन केली. तरी तुमच्या गाडीला लागू होतो तो तिच्या आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) आकडा. आरसीवर २५ असेल तर २५च धरायचे. समजा आरसीवर २८.५ आहे आणि रिकामी गाडी ११.५ टनांची आहे. मालाला उरले १७ टन, म्हणजे चार ब्राससुद्धा पुरते बसत नाहीत. पाच ब्रास भरले की २२ टन माल झाला, गाडी गेली ३३.५ वर आणि ओव्हरलोड झाला ५ टन.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, म्हणजे इथे ३० हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि उतरवण्याचा खर्चही आपलाच. वजनकाट्यावर यायला चालकाने नकार दिला तर ४० हजार. गाडी चालवणारा जबाबदार आहेच, पण ती तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही याच कलमात येतो. चालक मालक नसेल तर हे मालकाला माहीत होतं किंवा त्याच्याच सांगण्यावरून झालं, असं न्यायालय धरून चालू शकतं. त्यामुळे ‘फुल्ल भरून पाठवा’ असा निरोप ठेकेदारानेही धाडू नये.

पावसाळ्यात ब्रासचा भरवसा आणखी कमी. नुसती दमट वाळू फुगते, हौदा भरलेला दिसतो पण माल कमी असतो. पाणी निथळत असलेली वाळू मात्र तेवढ्याच हौद्यात जास्त वजन भरते. म्हणून दर टनावर ठरवा आणि क्रशरवरून निघतानाची काटा पावती मागा. रिकाम्या गाडीचं वजन त्याच दिवशीचं, त्याच काट्यावरचं हवं. काट्याला वैधमापन विभागाच्या पडताळणीचं चालू प्रमाणपत्र आहे का, तेही विचारा. फाळक्यावर फळ्या ठोकून हौदा वाढवलेली गाडी तर साइटवर घेऊच नका. तो आरसीशी न जुळणारा बदल आहे, कलम ५२ मध्ये बसतो.

प्रश्न : चाकणहून सहा चाकी ट्रकने मशिनरी नेतो. एकूण वजन १७ टन, पासिंग (आरसीवरचं मंजूर वजन) १८.५ टनांचं. तरीही गाडी ओव्हरलोड ठरू शकते, असं सांगतात. खरं का?
– वाहतूकदार, भोसरी

उत्तर : खरं आहे. अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आडवा दांडा. कायद्यात एकूण वजनासारखीच प्रत्येक अ‍ॅक्सलचीही मर्यादा आहे. चार टायरच्या मागच्या अ‍ॅक्सलला ती ११.५ टन. आकडे मांडून पाहू. दोन अ‍ॅक्सलमध्ये ५ मीटर अंतर आहे. रिकाम्या गाडीचं पुढे ४ टन, मागे ३ टन. मशीन १० टनांचं. त्याचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे आला, तर ९ टन मागे जातात आणि मागचा अ‍ॅक्सल १२ टनांवर. मशीन आणखी अर्धा मीटर केबिनकडे सरकवलं की मागे ११ आणि पुढे ६. तीच गाडी, तोच माल, आता कायद्यात.

मशीनचा जड भाग, म्हणजे मोटर आणि गिअरबॉक्स कुठल्या टोकाला आहे, हे क्रेनवाल्याला लोडिंगआधीच सांगा. एकदा साखळ्या आवळल्या की कुणी मशीन हलवत नाही. मग काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, नंतर सगळी गाडी. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलचं वजन कळतं. काट्यालगतचा रस्ता काट्याच्याच पातळीत हवा आणि वजन घेताना हँडब्रेक सुटलेला हवा, नाहीतर आकडा चुकतो. डिझेलची टाकीही धरा, ३०० लिटर म्हणजे जवळपास २५० किलो.

यात दंडापेक्षा मोठी गोष्ट रस्त्याची आहे. रस्त्याची झीज अ‍ॅक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. ११ चे १२ टन झाले की एका फेरीतली झीज चाळीसेक टक्क्यांनी वाढते. आणि साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत उतारच उतार. तिथे जादा वजन थेट ब्रेकवर येतं. ब्रेकचे लायनर तापले की पकड सुटते, पेडल दाबून उपयोग होत नाही. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावा आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नका.

प्रश्न : आमच्या गल्लीत बांधकामाचे डंपर शिरतात. चेंबरची झाकणं फुटली, ड्रेनेजची चरी बसली. उंच गाड्या अडवायला सोसायटीने लोखंडी कमान उभारली तर?
– सोसायटी सचिव, बाणेर

उत्तर : गल्ली महापालिकेची असेल तर कमान उभारू नका. अग्निशमन दलाची गाडी अडली तर जबाबदारी तुमच्यावर येईल. वजनाची किंवा वेळेची बंदी कलम ११५ खाली अधिसूचना काढून घालता येते, आणि फलक लागल्यावरच ती प्रत्यक्षात लागू करता येते. वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना अर्ज करा आणि त्याची प्रत महापालिकेच्या पथ विभागाला द्या. अर्जात रस्त्याची रुंदी, चेंबर आणि चरी कुठे आहेत आणि पर्यायी वाट कोणती, हे लिहा. पर्यायी वाट न सुचवलेला अर्ज सहसा रेंगाळतो. सोबत आठवडाभराची नोंद जोडा : गाडीचा नंबर, चाकं किती, वेळ, भरलेली की रिकामी. ओव्हरलोडची तक्रार मात्र आरटीओकडे वेगळी करा.

चर बसते ती बहुतेक भराव नीट न दाबल्याने. ती थर घालून, पाणी मारून, रोलर फिरवून पुन्हा भरून घ्या. नाहीतर डंपर बंद झाले तरी पाण्याच्या टँकरनेही ती खचेल. १० हजार लिटर पाणी म्हणजे १० टन, त्यात गाडीचं वजन वेगळं.

प्रश्न : छोट्या टेम्पोतून सळ्या नेताना मागे लाल फडकं बांधलं तर चालतं का?
– हार्डवेअर दुकानदार, धनकवडी

उत्तर : नाही. हौद्याबाहेर आलेल्या मालाला कलम १९४ (१अ) खाली २० हजार दंड आहे, फडकं बांधलं तरी. १२ मीटरच्या सळ्या दुमडून किंवा कापून मागवा, नाहीतर लांब हौद्याची गाडी घ्या.