वाचकांचे प्रश्न : बालीची भातखाचरं आणि धबधबे

बालीला निघालेल्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. हॉटेल आणि खरेदीचे बाजूला ठेवून या वेळी फक्त भातशेती आणि धबधब्यांचे घेतले आहेत. पैशांचा ढोबळ हिशोब आधीच सांगून ठेवतो : १ लाख इंडोनेशियन रुपिया म्हणजे आपले साधारण ५०० ते ६०० रुपये.

*आम्ही दर पावसाळ्यात ताम्हिणी, माळशेज करतो. बालीतला पाऊस नोव्हेंबर ते मार्च असतो असं कळलं, म्हणून धबधबे भरात असतील तेव्हा, जानेवारीत जायचं ठरवतोय. बरोबर आहे ना? – वाचक, पुणे*

नाही. सह्याद्रीचा हिशोब तिथे उलटा पडतो. आपला काळा पाषाण जुना आणि घट्ट. पाऊस पडला की पाणी वरच्यावर वाहून जातं आणि दिवाळीनंतर बहुतेक धबधबे आटतात. बालीचे डोंगर म्हणजे भूगर्भाच्या दृष्टीने कालचे ज्वालामुखी. राख आणि सच्छिद्र दगडांचे थर पावसाचं पाणी पिऊन घेतात आणि ते खाली झऱ्यांतून वर्षभर सोडत राहतात. बातूर, ब्रातान, बुयान आणि तांबलिंगान या डोंगरातल्या चार सरोवरांतून वरून वाहत निघणारी एकही नदी नाही, मुरलेलं पाणी खालच्या उतारांवर फुटतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, तिथल्या कोरड्या दिवसांतही मोठे धबधबे चालू असतात आणि पाणी स्वच्छ असतं.

जानेवारीत पाणी जास्त मिळेल हे खरं, पण ते चहासारखं. मध्य बालीतल्या उबुद गावाजवळचा तेगेनुंगान धबधबा सखल भागात आहे, वरच्या सगळ्या शेतांचा गाळ त्याच्याकडे येतो. एक जोरदार सर आली की तो तपकिरी होतो आणि डोहात उतरू देत नाहीत. पायऱ्यांवर शेवाळ धरतं ते वेगळंच. धबधब्यांसाठी एप्रिल ते जून हे महिने निवडा. पाऊस ओसरलेला असतो, झरे भरलेले असतात. जुलै-ऑगस्टही चांगला, फक्त तेव्हा गर्दी फार.

*मैत्रीण गेली तेव्हा तिला खाचरांत नुसती खुंटं दिसली. हिरवंगार शेत नेमकं कधी बघायला मिळतं? – वाचक, कोल्हापूर*

विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम ८ अंशांवर असल्यामुळे बालीत भात वर्षभर होतो, त्यामुळे बेटासाठी एकच 'सीझन' सांगता येत नाही. कोणत्या भागात कोणतं वाण आहे, ते बघावं लागतं.

जातिलुविह या भातखाचरांच्या गावात पहिलं पीक पारंपरिक लाल भाताचं. ते उंच वाढतं आणि हळवं (लवकर तयार होणारं) अजिबात नाही, पाच-सहा महिने घेतं. लावणी साधारण जानेवारीत, कापणी जून-जुलैत. म्हणजे मार्च ते मे हिरवं, जूनच्या सुमारास पिवळं. त्यानंतर साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात कमी मुदतीचं दुसरं पीक लावतात, ते वर्षअखेरीपर्यंत निघतं. या दोन पिकांच्या मधे गेलात तर खुंटं आणि चिखलणीच दिसणार. मैत्रिणीचं बहुधा तेच झालं.

उबुदच्या आसपास मात्र एका गटाची कापणी चालू असताना शेजारच्या गटाची लावणी असते. तिथे एका खोऱ्यात निराशा झाली तर पलीकडच्या खोऱ्यात जावं. आणि पाणी भरलेल्या, लावणीआधीच्या खाचरांना नावं ठेवू नका. सकाळी सहा-सातला त्यांत आभाळ आणि माड उलटे दिसतात, फोटोला याहून चांगली अवस्था नाही. लावणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडेच तेवढे फिके, ना पाणी दिसत ना हिरवळ.

*साक्रीकडे आमच्या घरी पूर्वी फड पद्धतीचं, म्हणजे बंधाऱ्यातून गावकऱ्यांनी मिळून वाटून घेतलेलं पाणी होतं. बालीतली 'सुबाक' पद्धतही गावकीचीच आहे असं ऐकलं. पाणीवाटप कसं होतं आणि ते प्रत्यक्ष बघायचं तर कुठे? तेगल्लालांगला की जातिलुविहला? – वाचक, धुळे*

पांझरा नदीवरचे फड पाहिलेल्या माणसाला सुबाक समजायला दहा मिनिटं पुरतील. नदीवर बंधारा घालतात, त्याला एंपेलान म्हणतात. तिथून पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून (आउंगान) आणि पाटातून (तेलाबाह) खाली येतं. पाट जिथे फुटतो तिथे तेंबुकू असतो : पाण्याच्या आडवा बसवलेला लाकडी ओंडका किंवा आता सिमेंटचा उंबरठा, त्यात खाचा. सगळ्या खाचांची खोली सारखी, रुंदी मात्र वाट्याप्रमाणे. दोन वाटे असलेल्याची खाच दुप्पट रुंद. पाणी वाढो वा घटो, प्रमाण तेच राहतं, त्यामुळे पाटकऱ्याला रात्री कंदील घेऊन दारं मोडत बसावं लागत नाही. या एका वाट्याला तेकतेक म्हणतात. सुबाकचा प्रमुख तो पेकासेह, आणि सभासदांचे लिखित नियम म्हणजे आविग-आविग.

फडापेक्षा वेगळी गोष्ट अशी की सुबाक देवळांच्या उतरंडीला बांधलेले आहेत. शेताच्या कडेला देवी स्रीचं – आपल्या श्रीचंच – छोटं ठाणं, पाणी घेतात तिथे एक देऊळ, आणि थेट वर सरोवरकाठचं उलुन दानू. कोणत्या सुबाकने कधी पाणी घ्यायचं आणि कधी रान पडीक ठेवायचं, हे या देवळांतल्या सभांमध्ये ठरतं. यात निव्वळ भाविकपणा नाही. शेजारची सगळी शेतं एकाच वेळी पडीक राहिली की तुडतुडे आणि उंदरांना खायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात सरकारने हे वेळापत्रक बाजूला ठेवून जास्त उत्पादनाच्या सुधारित वाणांची पिकावर पीक घ्यायला लावलं, तेव्हा तपकिरी तुडतुडे आणि टुंग्रो रोगाने शेतं बसली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी संगणकावर प्रतिकृती करून दाखवलं की देवळांचं वेळापत्रक पाणी आणि कीड यांचा मेळ घालतं.

कुठे जावं? जातिलुविहला. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकचं जे भूदृश्य जागतिक वारशात घेतलं, ते सुमारे १९,५०० हेक्टरचं आणि पाच ठिकाणी विभागलेलं आहे. बातुकारू डोंगराच्या पायथ्याचं जातिलुविह त्यात येतं. तेगल्लालांग त्यात नाही, तिथले फलक आणि टूरवाले काहीही म्हणोत. तेगल्लालांग उबुदपासून अर्ध्या तासावर, दरी अरुंद आणि देखणी, पण आता झोपाळे आणि कॅफे जास्त, शेती कमी. सकाळी आठच्या आत तासभर जाऊन यावं, एवढंच. जातिलुविह उबुदपासून दीड तास, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. तिकीट गाडी गावात शिरतानाच नाक्यावर घेतात. रंगीत खुणांच्या पायवाटा आहेत. सुरुवातीच्या रुंद सिमेंटच्या वाटेवर न थांबता खालच्या मातीच्या बांधांवर उतरा, तेंबुकू तिथे दिसतील. दुपारी एकनंतर ढग उतरतात, तेव्हा आठ-साडेआठला पोचलेलं बरं.

बांध फूटभरच रुंद असतात आणि बाहेरची कड पोकळ, तेव्हा आतल्या बाजूने चाला. भारा घेतलेला माणूस समोरून आला तर तुम्ही थांबा, त्याला खाचरात उतरायला लावू नका. पानाच्या द्रोणातले फुलांचे नैवेद्य वाटेवरच ठेवलेले असतात, ते ओलांडू नयेत. काही बांधांवर शेतकरी पेटी ठेवतात, त्यासाठी १० आणि २० हजारांच्या सुट्या नोटा जवळ असू द्या.

*सेकुंपुल धबधब्याला जायची फार इच्छा आहे, पण माझं वय ६२ आणि गुडघे कुरकुरतात. शिवाय तिथे तिकिटात फसवतात म्हणे. – वाचक, ठाणे*

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फसवणूक अशी होते : गाव दीड-दोन किलोमीटर राहिलं की रस्त्याकडेला फलक लावून बसलेली माणसं गाडी थांबवतात, 'नोंदणी इथेच, गाइड सक्तीचा' सांगून भरमसाट पैसे घेतात. चालकाला आधीच बजावून ठेवा की गावातल्या वाहनतळाजवळच्या अधिकृत खिडकीपर्यंत कुठेही थांबायचं नाही. तिथे दोन प्रकारची तिकिटं असतात. फक्त वरच्या कठड्यावरून बघायचं असेल तर स्वस्त, गाइड लागत नाही. खाली धबधब्याशी जायचं तर गाइडसह, बरंच महाग. तो भाग खरोखरच सक्तीचा आहे.

खाली जाताना तीनशेहून अधिक उभ्या पायऱ्या, मग गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडणं. उतरणं तुम्हाला जमेल, पण गुडघ्याची परीक्षा उतरतानाच होते आणि ते कळतं परत चढताना. आमचा सल्ला : वरूनच बघा. सुमारे ८० मीटरची धार तिथूनच पूर्ण दिसते, खाली गेल्यावर तुषारांनी चष्मा भरतो. वाहनतळापासून कठड्याकडे नेणारे मोटारसायकलवाले मिळतात.

पाण्याजवळ बसायचंच असेल तर बांगलीतला तिबुमाना धबधबा घ्या. वाट सोपी, सावलीची, दहा मिनिटांची. गिटगिटची वाटही बांधीव आहे, फक्त दुतर्फा दुकानांचा ससेमिरा सोसावा लागतो. नुंगनुंगचं नाव कुणी सुचवलं तर हात जोडा, तिथे पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत.

*मुलाला धबधब्यात उड्या मारायच्या आहेत. परवानगी द्यावी का? – वाचक, नागपूर*

सांबांगान गावच्या आलिंग-आलिंगला हे रीतसर चालतं : गाइड सक्तीचा, जाकीट मिळतं, नैसर्गिक घसरगुंडी आहे आणि उड्यांसाठी ५, १० आणि १५ मीटरच्या जागा. मुख्य आलिंग-आलिंग धबधबा पवित्र मानतात, त्याच्या डोहात पोहत नाहीत. ५ मीटरवरून पाण्यावर आदळण्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर, १५ मीटरवरून ६० च्या पुढे. त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. पाय जुळवलेले, हात छातीशी, शरीर सरळ. हात पसरले तर खांद्याला आणि पुढे वाकलं तर पाठीला इजा होते. पाचावरून नीट पडता आलं तरच दहाचा विचार. प्रवास विम्यात अशा उड्या धरल्यात का, ते निघण्याआधी वाचून घ्या. अनेक पॉलिसींत नसतात.

उड्यांपेक्षा धोका अचानक येणाऱ्या लोंढ्याचा. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहून येणं, आवाज जड होणं : यातलं एकही दिसलं की ताबडतोब काठावरून वर चढायचं, प्रवाहाच्या दिशेने खाली पळायचं नाही आणि पलीकडे राहिलेल्या बॅगेसाठी परत फिरायचं नाही. तुकाद चेपुंगसारख्या कपारीतल्या धबधब्यापाशी तर बाजूला चढायला जागाच नसते. तिथे प्रकाशाचे झोत सकाळी उतरतात, निरभ्र दिवशीच जा.

*चार दिवसांत दक्षिण किनारा, उबुद, जातिलुविह आणि उत्तरेचे धबधबे होतील का? स्कूटर घेतली तर? – वाचक, डोंबिवली*

किनारा सोडा. दोन रात्री उबुद, दोन उत्तरेच्या डोंगरातलं मुंडुक गाव. उबुदहून जातिलुविह बघून बेदुगुलमार्गे मुंडुकला जाता येतं, वाटेत ब्रातानचं देऊळ. मुंडुकचे धबधबे गावातून पायी होतात, बान्युमाला आणि सेकुंपुल दुसऱ्या दिवशी. उबुदहून सेकुंपुलला एका बाजूने दोन तास लागतात, म्हणून एका दिवसात जाऊन-येऊन, वर तेगल्लालांग हा टूरवाल्यांचा बेत घेऊ नका.

वाहतूक आपल्यासारखी डावीकडून असली तरी बेदुगुल घाटात दुपारनंतर धुकं, तीव्र वळणं आणि ट्रक. आंतरराष्ट्रीय परवान्यात दुचाकीची नोंद नसेल तर अपघातात विमा हात वर करतो, फक्त चारचाकीची नोंद चालत नाही. चालकासह गाडी दहा तासांना साधारण ६ ते ८ लाख रुपिया. चौघांत वाटली की स्कूटरच्या मोहाचं कारणच उरत नाही.

*शुद्ध शाकाहारी आहोत. खेड्यात काय खावं? – वाचक, सांगली*

भात, तेंपे (आंबवलेलं सोयाबीन), ताहू म्हणजे टोफू, आणि भाज्या सगळीकडे मिळतात. अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, तेरासीची असते. ही कोळंबीची आंबवलेली चटणी बहुतेक सांबालमध्ये (मिरचीच्या ठेच्यात), कधी भाजीतही असते. कुरकुरीत पापडही बहुधा कोळंबीचा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर अंडं आणि तेरासी चालते असं समजतात. म्हणून 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेलुर, तान्पा तेरासी' असं मोजून सांगा : मांस, मासे, अंडं, तेरासी नको. लावार नावाच्या कोशिंबिरीपासून दूर राहा, तिच्यात मांस आणि पुष्कळदा रक्तही घालतात.

*मार्चमध्ये एक दिवस विमानतळही बंद असतो, हे खरं का? – वाचक, नाशिक*

खरं. तो न्येपी, बालीच्या शक वर्षाचा पहिला दिवस. शक तोच, आपला. २०२६ मध्ये १९ मार्चला गुढीपाडवा आणि न्येपी एकाच दिवशी, दोन्हीकडे शके १९४८. अधिकमासाच्या हिशोबात फरक असल्याने दर वर्षी असं जुळत नाही, २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होता आणि पाडवा ९ एप्रिलला. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत रस्त्यावर येता येत नाही, दिवे लावत नाहीत, विमानं उतरत नाहीत. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं. आदल्या दिवशी दुपारीच दुकानं मिटू लागतात, तेव्हा फळं-बिस्किटं सकाळी घेऊन ठेवा आणि जातिलुविहचा दिवस न्येपीच्या दोन दिवस आधी किंवा नंतर ठेवा.

त्याच पत्रातला शेवटचा प्रश्न व्हिसाचा : भारतीयांना उतरल्यावर ३० दिवसांचा मिळतो, ५ लाख रुपिया, एकदा वाढवता येतो. फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या परदेशी पाहुण्याला वेगळा दीड लाख रुपियाचा पर्यटन कर आहे, तो निघण्याआधीच ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवावी.