इच्छा मारू नकोस, देवापुढे मांड

प्रिय बाळ,

तुझे पत्र सावकाश वाचले. परदेशातील नर्सची नोकरी हातातोंडाशी आलेली असताना अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी तू वसईतच राहायचे ठरवले आहेस, आणि 'मी माझी इच्छा मारून देवाला शरण गेले आहे,' असे लिहिले आहेस. तुझा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, पण त्या एका वाक्याने मला काळजी वाटली.

येशूला अटक झाली ती गेथशेमाने बागेतील रात्र पुन्हा वाच. 'हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर,' असे येशूने आधी स्पष्ट मागितले, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितल्याप्रमाणे तीच प्रार्थना तीन वेळा केली. 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो,' हे शब्द त्या मागणीला जोडूनच आले. मरणाचे भय, आपल्यासोबत कोणी जागे राहावे ही आस, यांतले काहीही त्याने पित्यापासून लपवले नाही. ज्याने आपल्याला काय हवे आहे हे स्वतःशीसुद्धा कबूल केलेले नाही, तो देवाच्या हाती सोपवणार तरी काय? तुला जायचे होते, अजूनही जावेसे वाटते, हे प्रार्थनेत मोकळेपणाने बोल. त्याने तुझे समर्पण उणे होत नाही.

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. आपला प्राण कोणी आपल्यापासून हिरावून घेत नाही, आपण स्वतः होऊन तो देतो, असे प्रभू येशू तेथे म्हणतो. ख्रिस्ती आत्मत्यागाचा सारा कस याच ठिकाणी लागतो. घरच्यांनी गृहीत धरले म्हणून, किंवा नाही म्हटले तर लोक काय म्हणतील या धास्तीने केलेले काम अतिशय कष्टाचे असू शकते, पण ते अर्पण नव्हे. आपल्याकडे त्यागाचे उपदेश मुलींना जितके ऐकवले जातात तितके त्यांच्या भावांना ऐकवले जात नाहीत, हे मला फार खटकते. म्हणून स्पष्ट विचारते: आजीची जबाबदारी तू स्वीकारलीस, की ती तुझ्यावर येऊन पडली? पडली असेल तर आधी भावाशी आणि वडिलांशी बोल. देवाची इच्छा आणि घरच्यांची सोय या दोन गोष्टी एक समजू नकोस.

आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया, ज्यांचे नाव गास गावच्या चर्चला आहे, त्यांना तरुणपणी येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघात जायचे होते. जपानमध्ये त्या धर्मगुरूंबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, तिथली भाषा आत्मसात केली, पण संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात गेले, त्यात त्यांचा जमही बसला, आणि पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात साधे बंधू, म्हणजे धर्मगुरू नसलेले व्रतस्थ, झाले. त्याच संघाने त्यांना दुभाषी म्हणून पुन्हा जपानला पाठवले, कारण ती भाषा त्यांना येत होती. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर चढवल्या गेलेल्या 26 जणांत ते होते. 1862 मध्ये त्यांना संतपद जाहीर झाले. आपण त्यांच्या हौतात्म्याविषयी भरभरून बोलतो, पण मला मधली नकाराची वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. मागितलेले मिळाले नाही तेव्हा त्यांनी देवावर रुसून हात आखडता घेतला नाही, आणि त्या काळात जे शिकले तेच पुढे उपयोगी पडले. तुझे नर्सिंगचे शिक्षण वाया गेले असे आत्ताच ठरवून टाकू नकोस.

आता रोजच्या जगण्याचे. रात्री दोन वाजता आजी हाक मारील, तू तिला कुशीवर वळवशील, पाठीला पावडर लावशील, ओली चादर तिच्या अंगाखालून अलगद काढून दुसरी घालशील, आणि ती मात्र तुला न ओळखता परदेशी गेलेल्या नातवाचे नाव घेईल. त्या क्षणी मनात हिशेब सुरू होतो: मी इतके केले, कोणाला त्याचे काय? 'दररोज आपला क्रूस उचलून' माझ्यामागे या, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्यातला 'दररोज' हा शब्द अशा रात्रींसाठीच आहे, असे मी मानते. समर्पण एकदा करून संपत नाही. पहाटे कडवटपणा आला तर तो तसाच देवापुढे ठेव, आणि त्यासाठी स्वतःला कोसत बसू नकोस. एवढे मात्र कर, की झोप पुरी होत नसेल तर आठवड्यातल्या काही रात्री भावावर किंवा वहिनीवर सोपव. थकून आजारी पडण्यात कोणतेही पुण्य नाही.

नोकरी देणाऱ्यांना अजून नकार कळवला नसशील तर रविवारपर्यंत थांब. चर्चमधली मिस्सा झाल्यावर वडिलांना घेऊन माझ्याकडे ये. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येते का, आणि आजीसाठी दिवसा कोणी बाई मिळते का, हे आपण तिघे बसून पाहू. येण्यापूर्वी तुला खरोखर काय हवे आहे ते कागदावर लिहून आण.

तुझी हितचिंतक