फुलांच्या पलीकडचं लिस्बन

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही दोघं लिस्बनला चाललोय. सैनिकांच्या बंदुकीत लाल कार्नेशन खोचलेले फोटो पाहिलेत. एका दिवसात, रक्ताचा थेंब न सांडता हुकूमशाही गेली, हे खरं का? आणि पुढे शहर कसं जगलं? तुम्ही तिथे राहता म्हणून विचारते.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, रक्त सांडलं होतं. २५ एप्रिल १९७४ च्या संध्याकाळी हुकूमशाही राजवटीचे पंतप्रधान मार्सेलू काएतानू कार्मू चौकातल्या बराकीत बंड केलेल्या सैनिकांना शरण आले. बाहेर लोक सैनिकांना खाऊपिऊ घालत होते, सिगारेटी देत होते. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, रुआ आन्तोनियू मारिया कार्दोझू या रस्त्यावर, गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या. चार जण गेले. त्या इमारतीत आता महागडे फ्लॅट आहेत, पण त्या चौघांच्या आठवणीची पाटी तिथे आहे. आधी तिथे जा, फोटो नंतर काढा.

लिस्बनजवळचा काशियशचा तुरुंग तर आपल्याही ओळखीचा. गोव्यात मराठी शिकवणारे, गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे तिथेच कैदेत होते; १९६९ च्या जानेवारीत सुटले. पाच वर्षांनी, क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, कैद्यांचे नातेवाईक त्याच फाटकाबाहेर ताटकळत उभे होते. नवे सत्ताधारी जनरल स्पिनोला काही कैद्यांना सोडायला तयार नव्हते, कारण त्यांच्यावर हिंसक कृत्यांचे आरोप होते. आतल्यांनी निरोप धाडला : सुटू तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. अखेर २६ तारखेच्या रात्री उशिरा दारं उघडली. वर्षानुवर्षं आत काढलेली माणसं, दार समोर उघडं होत असताना, सोबत्यासाठी थांबली. मला त्या सबंध क्रांतीत याहून मोठं काही दिसत नाही.

मग शहर बोलायला लागलं. सेन्सॉरची निळी पेन्सिल गेली, भिंती घोषणांनी आणि चित्रांनी भरल्या. झोपडपट्ट्यांतल्या कुटुंबांनी रिकामी घरं ताब्यात घेतली. सरकारं मात्र टिकेनात, महागाई वाढली. माझ्या मजल्यावरच्या आजी तेव्हा शिवणकाम करायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि जुन्या राजवटीत अशा बायांना मत नव्हतंच. २५ एप्रिल १९७५ च्या निवडणुकीत त्या पहिल्यांदा रांगेत उभ्या राहिल्या. मतपत्रिकेवर पक्षांची चिन्हं होती, आपल्याकडे असतात तशी. कुणाला मत दिलं ते त्या अजून सांगत नाहीत. पण इस्त्रीचा पोशाख घालून गेले होते, हे दरवेळी सांगतात. त्या दिवशी दहापैकी नऊहून अधिक मतदारांनी मतदान केलं.

त्याच वर्षी आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहती स्वतंत्र होत असताना अंगोला-मोझांबिकमधून पाच लाखांच्या आसपास माणसं पोर्तुगालमध्ये येऊन थडकली. त्यांत मोझांबिकमधले काही गोंयकारही होते. अनेकांची सोय हॉटेलांत करावी लागली. लिस्बनच्या बेलें भागात नदीकाठी दर्यावर्दींचं मोठं स्मारक आहे. त्याच्या पायथ्याशी या लोकांच्या सामानाची लाकडी खोकी रचून ठेवली होती. बाजूच्या मठात वास्को द गामाची कबर आहे. पर्यटक तीच बघतात, खोक्यांची गोष्ट गाईड क्वचितच सांगतात. तुम्ही फोंड्याच्या, म्हणून मुद्दाम सांगते : गोवा भारताचा आहे, हे पोर्तुगालने मान्य केलं ते याच बदलामुळे. तो करार दिल्लीत ३१ डिसेंबर १९७४ ला झाला. गोवा मुक्त होऊन तेव्हा तेरा वर्षं लोटली होती.

काशियशमध्ये आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. त्याऐवजी कॅथेड्रलजवळचं आल्जुब संग्रहालय बघा. तिथे राजकीय कैद्यांना डांबायचे. अंधाऱ्या, चिंचोळ्या कोठड्यांपाशी घाई करू नका. आणि २५ तारखेला दुपारी आवेनिदा दा लिबरदादवर मिरवणूक निघते, तिच्यात खुशाल सामील व्हा. फुलं रस्त्यातच मिळतात.