४,२९,४९,६७,२९७ मूळ की संयुक्त?

प्रश्न : ही संख्या १००पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिली, भाग जात नाही. मूळ मानावी का?

उत्तर : नाही, ती संयुक्त आहे. मूळ ठरवायला वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६पर्यंत तपासावं लागतं. पण ही संख्या २चा ३२वा घात अधिक १ आहे, आणि तिचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ने भागल्यावर बाकी १च उरते. म्हणून फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ असे मूळ आकडे घ्या. पाचव्याच भागाकारात बाकी शून्य! भागाकार ६७,००,४१७. गणितज्ञ फर्मा हिला मूळ समजत होता. ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने १७३२मध्ये ६४१ हा विभाजक काढला. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावत नाही, भागाकार कागदावरच करा.