डोंगराळ बेटाला सायकलने प्रदक्षिणा घालायची आहे, रोज किती किलोमीटर धरावेत?

किलोमीटर नको, चढणीचे मीटर धरा: सामान लादलेल्या सायकलवर दिवसाला एकूण १,००० मीटर चढण पुरे, मग अंतर ५० किलोमीटर भरो की ८०. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो असेल, तर एवढं वर चढायला सुमारे ९८० किलोज्यूल लागतात. पायांतून सतत १२० वॅट निघाले तरी नुसत्या चढणीलाच सव्वादोन तास जातात. त्यात किनाऱ्याचा रस्ता फार फसवा. प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी तो उतरतो आणि पुढच्या कड्यावर पुन्हा चढतो, त्यामुळे सर्वांत उंच जागा २०० मीटरचीच असली तरी दिवसाची बेरीज तिच्या कितीतरी पट होते. म्हणून मार्ग आखताना अ‍ॅपमध्ये 'एकूण चढण' हाच आकडा बघा. अशा चढणींसाठी सायकलला हलका गिअर लागतो: पेडलजवळची सर्वांत लहान दातेरी चक्री मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या चक्रीपेक्षा लहान हवीच.

वाहनं डावीकडून चालत असतील तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरा, समुद्र तुमच्याच बाजूला राहतो. मात्र त्या मोसमात एकाच दिशेचा जोरदार वारा असेल, तर उघड्या किनाऱ्यावर तो पाठीशी येईल अशीच दिशा निवडा.