सबमेनूच्या एरर: एलआय कुठे बंद केलाय ते बघा

तुमचा कोड बघितला. 'सेवा'खाली सबमेनू टाकलाय, व्हॅलिडेटर (एचटीएमएलमधल्या चुका शोधणारं टूल) म्हणतोय युएलच्या (बुलेटच्या यादीचा टॅग) आत युएल चालत नाही, पण ब्राउझरमध्ये सगळं बरोबर दिसतंय मग एरर कसली, हा तुमचा प्रश्न. ब्राउझर काहीही चालवून घेतो हो, त्याच्या दिसण्यावर जाऊ नका.

युएल किंवा ओएलच्या (आकड्यांच्या यादीचा टॅग) थेट आत फक्त एलआय (यादीतला एकेक मुद्दा) येतो (स्क्रिप्ट आणि टेम्प्लेट चालतात, पण ते इथे सोडा). तुम्ही 'सेवा'चा एलआय बंद करून मग नवीन युएल उघडलाय, म्हणजे सबमेनू 'सेवा'चा राहिलाच नाही, नुसता मधे लोंबकळतोय. 'सेवा'चा क्लोजिंग टॅग तिथून उचला आणि सबमेनूचा युएल जिथे बंद होतो त्याच्या खाली ठेवा, बास. सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणारा कोड) युएलचा थेट चाइल्ड युएल असा सिलेक्टर असेल तर तो आता लागू होणार नाही, तेवढा बदला. दोन एलआयच्या मधे बीआर (ओळ तोडायचा टॅग) टाकणं, अख्खा एलआय लिंकमध्ये गुंडाळणं, हे पण ह्याच जातीतलं. लिंक एलआयच्या आत घ्या.

बरेच जण सांगतील की एलआय बंद करायचे राहिले असतील ते शोधा. एचटीएमएलमध्ये एलआयचा क्लोजिंग टॅग ऑप्शनल आहे, त्यात वेळ घालवू नका.

आता ती दुसरी एरर, पीचा (परिच्छेदाचा टॅग) क्लोजिंग टॅग आहे पण पी उघडलेलाच नाही म्हणे, आणि तुम्हाला तर वर उघडलेला स्पष्ट दिसतोय. गंमत अशी की पीच्या आत लिस्ट बसतच नाही, त्यामुळे पार्सरला, म्हणजे कोड वाचणाऱ्या भागाला, युएल दिसला की तो तुमचा पी तिथल्या तिथे गुपचूप बंद करून टाकतो, मग खाली तुमचा क्लोजिंग टॅग येतो तेव्हा बंद करायला काहीच उरलेलं नसतं, आणि पार्सर त्याच्यासाठी एक नवा रिकामा पी बनवतो. तुम्ही पीला पॅडिंग दिलंय ना, लिस्टखालची ती मोकळी पट्टी म्हणजे हाच रिकामा पी! व्ह्यू सोर्समध्ये नाही दिसणार, इन्स्पेक्टमध्ये बघा. पी लिस्टच्या आधीच बंद करा, किंवा दोन्हीला मिळून एक डिव्ह द्या.

युएलवरचा टाइप ॲट्रिब्यूट कालबाह्य आहे, तो काढून सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइप वापरा. ओएलवरचा टाइप मात्र चालतो, स्टार्ट आणि रिव्हर्स्ड पण, उगाच काढू नका. आणि १, २, ३ असे आपले आकडे हवे असतील तर लिस्ट-स्टाइल-टाइपला 'देवनागरी' (devanagari) व्हॅल्यू आहेच.

एररच्या यादीत कायम वरून सुरुवात करा, एक दुरुस्त केली की परत चालवा, कारण एका चुकीच्या टॅगमुळे खालच्या चार उगवतात. राहिली ती युएलला लिस्ट रोल अनावश्यक असल्याची वॉर्निंग, ती एरर नाही. लिस्ट-स्टाइल नन केलं की सफारीत व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम) बऱ्याचदा ती लिस्ट आहे असं सांगतच नाही, म्हणून तो रोल मुद्दाम टाकतात. मी तरी तो ठेवेन.